दुसऱ्या मजल्याच्या फळ्या

३ मार्च

मामा,

फोन केला की तुम्ही "कोण? कोण बोलतंय?" करत राहता आणि शेवटी शेजारच्या काकूंच्या हातात रिसिव्हर देता. मग आपलं बोलणं राहतं बाजूला आणि काकूंच्या गुडघ्यांची चौकशी होते. म्हणून लिहायला बसले. शाळा सुटल्यापासून पानभर असं काही हातानं लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नका.

बातमी अशी की तुमचा थर्मामीटरचा कारखाना माझ्याकडे आलाय. चोवीस वर्षं कुलूप लावून पडलेली ती इमारत एका बिल्डरनं घेतली. तिच्यात सव्वीस फ्लॅट करायचेत आणि आराखडे मी करणार आहे. आमच्या ऑफिसात या कामावर तिघं टपून होते. मी साहेबांना सांगितलं, माझी आई तिथं कामाला होती आणि मामा फोरमन होता, तिथली वीट न् वीट मला ठाऊक आहे. थोडी थाप होती, पण चालून गेली. तुमचा वशिला लावला म्हणा.

पाडायचं काहीच नाही, हीच अट आहे. विटांच्या भिंती गिलावा न करता तशाच उघड्या ठेवायच्या. लोखंडी खांब, लिफ्टचं जाळीचं दार, जिन्याचा हात लागून लागून झिजलेला कठडा, सगळं जिथल्या तिथं. आत मात्र नवी स्वयंपाकघरं, वारा आत येऊ न देणाऱ्या दुहेरी काचेच्या खिडक्या, आणि हिवाळ्यासाठी जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या. राहणाऱ्याला जुन्याचा रुबाब मिळाला पाहिजे आणि नव्याचं सुख. सगळ्यात मोठा खजिना म्हणजे दुसऱ्या मजल्याची लाकडी जमीन. असल्या रुंद फळ्या आता शोधून मिळत नाहीत. घासून तेल दिलं की मधाचा रंग येईल.

अडचण एकच आहे. नगरपालिकेचा तपासनीस विचारतोय, पारा कुठल्या मजल्यावर भरायचे? कंपनीच्या जुन्या कागदांत लिहिलंय की भराई मागच्या अंगणातल्या शेडमध्ये होती, आणि ती शेड कधीच पाडली. दुसऱ्या मजल्यावर पॅकिंग. पण त्याला त्या काळी तिथं काम केलेल्या माणसाची सही हवी. नाहीतर फळ्या उचलून तपासणी, म्हणजे आठ-दहा आठवडे गेले, आणि बिल्डर म्हणतोय मग सरळ उखडून फेकून द्या. तेव्हा एवढं लिहून पाठवा: दुसरा मजला, पॅकिंग. गोदाम होतं असं लिहिलंत तरी माझं काम होईल.

आणखी एक. आई नेमकी कुठं बसायची? ती कारखान्याचं नावच काढू द्यायची नाही. तिच्या पत्र्याच्या डब्यात मला जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा सापडला, खिशात मावेल एवढा, एक कड झिजून अगदी गुळगुळीत. कशाचा असेल? सध्या पुस्तकात खूण म्हणून घालते.

मुलगी दहा महिन्यांची झाली. बसल्या जागी गोल गोल फिरते, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात.

तुमची भाची

•

१९ मार्च

नकाशेवाली,

पत्र पोचलं त्याला बरेच दिवस झाले. उशीर झाला कारण एक तर सर्दी, आणि दुसरं माझं अक्षर. पेन धरलं की हात स्वतःच्या मर्जीनं चालतो. मुंग्यांनी शाईत पाय बुडवून कागदावर हिंडावं तसं दिसेल, चालवून घे. आधी कान गेले, आता हात. एकेक कामगार राजीनामा देऊन चाललाय आणि फोरमन बसलाय एकटा.

तुला हवा तो कागद सोबत जोडलाय. दुसरा मजला, पॅकिंग. खाली सही केली आहे. ती मात्र बरी आली, आश्चर्यच आहे.

आता माझं एक ऐक. त्या फळ्यांचा नाद सोड. जुनं लाकूड म्हणजे वाळवी, कुबट वास, आणि रात्रभर करकर. नवं घर कसं, लखलखीत टाइल्स पाहिजेत. फडकं मारलं की साफ. तुम्हा शिकलेल्या लोकांना जुन्याचं कौतुक, कारण तुम्ही त्यावर राबलेले नसता. उखडायच्या नसतील तर निदान वरून चार बोटं सिमेंटचा थर घाल आणि त्यावर टाइल्स बसव. मी अडाणी माणूस, पण इमारतीत एकतीस वर्षं काढली आहेत.

तुझी आई कोपऱ्यातल्या खिडकीपाशी बसायची. जिना चढून वर आलं की डाव्या हाताची शेवटची खिडकी. तिथून नदीवरचा पूल दिसतो. मीच तिला कामाला लावलं होतं, अठरा वर्षांची होती. ती हसायला लागली की सगळी टेबलं हसायची, आणि मला उगाच डोळे वटारून उभं राहावं लागायचं. तू पाहिलीस ती तुझी आई वेगळी होती. मुळात ती तशी नव्हती. एवढंच लिहितो.

पुठ्ठ्याचं म्हणशील तर खोक्याचा तुकडा असेल, पॅकिंगमध्ये खोक्यांना काय तोटा. फेकून दे तो. लेकरू रांगतंय, काहीही तोंडात घालेल.

मामा

•

२१ जून

मामा,

तुमचा कागद तपासनिसानं दोनदा वाचला, शिक्का मारला आणि फाईल बंद. तुम्ही माझे दोन महिने वाचवलेत. इकडे आलात की मी स्वतः चहा करून पाजीन, तोही साखर घालून, मग डॉक्टर काहीही म्हणोत.

टाइल्सचा विषय मी ऑफिसात वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. मामा, लोक हे फ्लॅट त्या फळ्यांसाठीच घेताहेत. फळ्यांवर जुन्या टेबलांच्या पायांचे खड्डे आहेत, तेसुद्धा मी बुजवू दिले नाहीत. गरम पाण्याच्या नळ्या खालच्या मजल्याच्या छतातून नेल्या, म्हणजे एकही फळी उचलावी लागली नाही. याचं मला फार कौतुक वाटतंय, माझं मलाच.

सुतार मात्र कुरकुर करतात. मशीननं फळ्या घासायला लागल्यापासून दोघांची डोकी ठणकताहेत. म्हातारा सुतार म्हणतो, तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. मी म्हटलं, धूळ आहे, तोंडाला फडकं बांधा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली, पण काम थांबवता येत नाही.

एक सांगते. आई हसायची हे तुमच्या पत्रात वाचलं आणि मला तुमचाच राग आला. माझ्या वाट्याला ती आलीच नाही ना. मला आठवते ती पाहुणे आले की आतल्या खोलीत दडून बसणारी. माझ्या शाळेच्या गणवेशाची बटणं तिला लावता यायची नाहीत, हात थरथरायचे, आणि मी हसले म्हणून तिनं एकदा मला थोबाडलं होतं. ताटल्या भिरकावायची. दुसऱ्या दिवशी तासन् तास रडायची. मी सात वर्षांची होते, मला वाटायचं मीच काहीतरी केलंय. ती गेली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं झालं. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

आता त्या कोपऱ्यातल्या खिडकीशी रोज दोन मिनिटं उभी राहते. पूल दिसतो. तिच्यावर माया करायला मला एवढी एकच जागा मिळाली आहे.

भाची

•

२ जुलै

पोरी,

पत्र चारदा वाचलं.

सुतारांना सांग, ओलं फडकं बांधा, खिडक्या सताड उघड्या ठेवा, आणि जेवण त्या मजल्यावर करू नका. खाली उतरून, हात धुऊन जेवा. धूळ वाईटच असते. बाकी काही नाही.

टाइल्सवर हसायचं तेवढं हसा. पण दुसरं तरी ऐक. त्या मजल्यावर कचेऱ्या काढा. वकील, दलाल, कुणालाही द्या, दिवसा येतील आणि संध्याकाळी जातील. लहान मुलं असलेल्या घरांना वरचा मजला द्या. का म्हणून विचारू नकोस. पूर्वेची खिडकी आहे, ऊन फार येतं, पोरांना सोसत नाही. म्हाताऱ्याचं एक तरी ऐकलं असं होऊ दे.

आईचं जे लिहिलंस त्यावर मी काय बोलू. तू काहीही केलेलं नव्हतंस. हे मी तुला तेव्हाच जवळ घेऊन सांगायला हवं होतं. मी यायचो, दारात पिशवी ठेवायचो आणि पळायचो. ती माझ्याकडे बघायची ना, ते मला सहन व्हायचं नाही.

मामा

•

८ ऑक्टोबर

मामा,

घाईत चार ओळी. काम संपलं. इमारतीचा फोटो वर्तमानपत्रात आलाय, कात्रण सोबत आहे. मधोमध उभी आहे ती मी, पोट आत ओढून. लिहिणाऱ्यानं म्हटलंय की जुन्याचा जीव न घेता नवं कसं करावं ते इथं येऊन बघा. पंचवीस फ्लॅट गेले.

पंचवीसच का, सव्विसावा कुठं गेला, ते आत्ता सांगत नाही. गंमत आहे. हिवाळ्यात या, मग कळेल.

कचेऱ्यांचं बिल्डरला विचारलं होतं. तो म्हणाला, तुमचे मामा एवढे हुशार आहेत तर त्यांनाच विकायला बसवा.

भाची

•

११ फेब्रुवारी

मामा,

माझ्या मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. रागावलात का? की अक्षरावर रुसलात? गंमत सांगायची म्हणून तुम्हाला बोलावणार होते, पण आता गंमत कसली. सरळ लिहिते.

सव्विसावा फ्लॅट मी घेतला. दुसरा मजला, कोपरा, आईची खिडकी. नोव्हेंबरपासून आम्ही इथं राहतो. तिची जागा दुसऱ्या कुणाला द्यायचं माझ्या जिवावर आलं.

पहिला महिना फार छान गेला. बाहेर सगळं गोठलेलं आणि आत जमीन कोमट. भिंगरीला चालता यायला लागलं होतं, तरी ती दिवसभर पोटावरच पडून असायची, उबेला, फळ्यांच्या फटींत बोटं घालत. तिचं गाल जमिनीला लावून झोपणं बघून मला वाटायचं, यासाठीच केलं सगळं.

मग ती झोपेना. रात्र रात्र रडते, घामानं कपडे भिजतात. तळहात आणि तळपाय गुलाबी झालेत, सोलल्यासारखे, आणि आता कातडी निघायला लागली आहे. उजेड नको म्हणते, पडद्यात तोंड खुपसते. डोक्याचे केस मुठीनं उपटते. दोन आठवड्यांपासून चालायची थांबली. उभी केली की पाय दुमडून खाली बसते. गोल फिरणं तर केव्हाच बंद झालं, आणि आम्ही अजून तिला भिंगरीच म्हणतो. तीन डॉक्टर झाले. एक म्हणाला दात येताहेत, एक म्हणाला साबण बदला, तिसऱ्यानं रक्त घेतलंय.

माझंही काही खरं नाही. डोकं जड असतं, कुणी बोलायला आलं की नकोसं होतं. परवा नवऱ्यानं साधं विचारलं, चहा करू का, आणि मी हातातली ताटली भिंतीवर भिरकावली. तुकडे गोळा करताना लक्षात आलं. हुबेहूब आई. मला वाटतं तिचा स्वभाव माझ्यात उतरलाय, आणि आता लेकीच्या वाट्याला तेच येणार.

म्हणून विचारते, तुमच्याशिवाय विचारणार कुणाला. आईचे तळहात कधी असे लाल असायचे का? मला अंधुक आठवतं, ती हात पदराखाली लपवायची. आमच्या घराण्यात काही दुखणं आहे का? असेल तर लपवू नका, डॉक्टरला सांगता येईल.

भाची

•

१४ फेब्रुवारी, बसमध्ये

पोरी,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. मी स्वतः घेऊन येतोय आणि खाली पहारेकऱ्याच्या हातात देणार आहे. तू हे वाचशील तेव्हा मी समोर रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलेलो असेन. आधी लेकराला उचल आणि खाली उतर. पुढचं रस्त्यावर उभी राहून वाच. सामान घेऊ नकोस. अंथरूण, खेळणी, तिच्या अंगावरचा स्वेटर, काही घेऊ नकोस. थेट मोठ्या इस्पितळात जा आणि सांग, पाऱ्याची विषबाधा आहे. हाच शब्द सांग. ते बघतील कसं तपासायचं ते.

घराण्यात कसलंही दुखणं नाही. दुसऱ्या मजल्यावर पॅकिंग कधीच नव्हतं. भराई होती. शेडमध्ये नुसत्या रिकाम्या काचा असायच्या. सरकारी तपासनीस फाटकात आला की खाली एक घंटा व्हायची. पाच मिनिटांत पाऱ्याच्या परातींसकट सगळं लिफ्टनं तळघरात जायचं, आणि मुली खोकी पुढ्यात घेऊन बसायच्या. घंटा मीच वाजवायचो. म्हणून कागदावर पॅकिंग आलं.

तो पुठ्ठ्याचा तुकडा. पारा सांडला तर फोरमनला सांगायचं असा नियम होता. सांगितलं की त्या मुलीचा नंबर भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर चढायचा, आणि तीनदा चढला की घरी. म्हणून प्रत्येकीच्या खिशात एक पुठ्ठा असायचा. थेंब सांडला की खाली वाकायचं आणि पुठ्ठ्यानं तो फळ्यांच्या फटीत लोटायचा. एका सेकंदाचं काम. मला सगळं दिसायचं. मी पाठ करून उभा राहायचो, त्यांचं भलं करतोय असं समजून. तुझ्या आईला पहिल्याच दिवशी पुठ्ठा कापून दिला तो मीच. असा धर, असा लोट, म्हणून हात धरून शिकवलं. अकरा वर्षं ती त्या एका खिडकीशी बसून तेच करत होती.

तिचे हात थरथरायला लागले तेव्हा डॉक्टरनं कंपनीला विचारलं, ही कुठल्या खात्यात आहे. कंपनीनं कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं पॅकिंग आणि सही केली. माझी नोकरी राहिली. तिला नसांचं दुखणं आहे, डोक्यानं कमकुवत आहे, असं ठरवून घरी पाठवलं. तिला माहीत होतं सही कुणाची ते. ती माझ्याकडे बघायची म्हणून मी मागे लिहिलं ना, ते हे.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा दहा-बारा दिवस मी तो कागद समोर ठेवून बसलो होतो. खरं लिहायचं तर तुझ्या आईचंही लिहावं लागलं असतं. मनाची समजूत घातली, चोवीस वर्षं झाली, राहिलाय कुठला पारा, उडून गेला असेल. तू टाइल्स घालशील, वर सिमेंट येईल, झाकलं जाईल. झाकायचीच सवय लागली होती. खिडकी सांगितली ती तुला बरं वाटावं म्हणून. तू लेकरू घेऊन तिथंच जाऊन राहशील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. काल तुझं पत्र मिळालं आणि गुलाबी तळहात वाचले. आम्ही ते हात ओळखतो. फोन करायला काकूंकडे गेलो होतो. पण काकूंच्या तोंडून हे तुझ्या कानावर घालायचं मला जमेना, पहिली बस पकडली.

बस फार हलतेय आणि हातही. वाचता येत नसेल तर पहिल्या चार ओळी तेवढ्या वाच आणि खाली ये.

मामा

•

३० मे

मामा,

साडेतीन महिन्यांनी लिहितेय. त्या दिवशी मी भिंगरीला ब्लँकेटशिवाय, नुसती छातीशी धरून तुमच्यासमोरून गेले. तुम्ही उठून उभे राहिलात. मी थांबले नाही. थांबले असते तर रस्त्यात काय केलं असतं, माझा मलाच भरवसा नव्हता.

तिच्या लघवीत पारा निघाला. नवऱ्याच्या निघाला, माझ्या निघाला. सव्वीसच्या सव्वीस घरं रिकामी केली. खिडक्यांवर आता आतून प्लास्टिक लावलंय, आणि पांढरे पोशाख घातलेली माणसं माझ्या फळ्या एकेक करून उचलताहेत. मी ज्या खड्ड्यांना हात लावू दिला नव्हता त्या खड्ड्यांसकट. खिडक्या मी हवाबंद केल्या आणि जमीन खालून तापवली, त्यामुळे जे चोवीस वर्षं फटींत निपचित पडून होतं ते वर आलं, असं तज्ज्ञांनी अहवालात लिहिलंय. सगळ्यात जास्त पारा कोपऱ्यातल्या खिडकीखाली सापडला. चहाचा कप भरेल एवढा. मी तो पाहिला. दाखवा म्हणून हट्टच धरला होता.

म्हातारा सुतार अंथरुणाला खिळलाय. मी भेटायला गेले तर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

भिंगरी जगेल. औषध देऊन पारा काढताहेत. तळहातांना नवी कातडी आली. धरून धरून चार पावलं टाकते. पण बोलत नाही. "आई" म्हणायची, "पाणी" म्हणायची, "दे" म्हणायची, ते सगळं गेलं. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. किती थांबून ते सांगत नाहीत. तिचे हात चमचा धरला की थरथरतात. मी तिची बटणं लावते, आणि रोज, मामा, रोज मला माझी आई त्या बटणांशी झगडताना दिसते. मी तिला हसले होते. ही चूक आता कुणाकडे जाऊन दुरुस्त करू?

तुम्हाला शिव्या घालायला बसले होते. दोन कागद फाडले. मग माझं गेल्या वर्षीचं मार्चमधलं पत्र आठवलं. त्याची नक्कल ऑफिसच्या फाईलमध्येच होती. "एवढं लिहून पाठवा: दुसरा मजला, पॅकिंग." उत्तर मीच तुमच्या हातात दिलं होतं. तपासनिसानं विचारलेला प्रश्न मी तुम्हाला विचारलाच नाही. सुताराच्या तोंडात चव आली तेव्हा फडकं बांध म्हटलं. माझा परवाना काढून घेतलाय आणि ते बरोबरच आहे. ते पत्र मी स्वतः चौकशी समितीला नेऊन दिलं.

आता तुमच्याकडे एक मागायचंय. समितीला तुमचा जबाब हवाय. कंपनीचे वारसदार म्हणतात की कागदात पॅकिंग आहे आणि तुमचा आत्ताचा दाखलाही तेच सांगतो, तेव्हा पारा कुठून आला कोण जाणे. खरं लिहिलंत तर खोटा दाखला दिल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. वकिलानं बजावलंय की हे तुम्हाला आधी सांग. सांगितलं. तरी मागतेय. आणि त्यात आईचं लिहा. तिचं खातं, तिची खिडकी, तिची वर्षं. ती चिडकी नव्हती, डोक्यानं कमकुवत नव्हती, हे एका तरी सरकारी कागदावर यायला हवं. भिंगरी मोठी झाली की तिला मी तो कागद दाखवीन.

यायची घाई करू नका. मला अजून तुमच्यासमोर बसवणार नाही.

भाची

•

६ जून

पोरी,

जबाब सोबत आहे. दोन प्रती आहेत, एक समितीला दे आणि एक तुझ्याकडे ठेव. हात साथ देईना म्हणून शाळेतल्या बाईंना सांगून लिहून घेतला. त्या लिहिता लिहिता दोनदा थांबल्या, पण मी थांबलो नाही. घंटा, लिफ्ट, तळघर, पुठ्ठे, कुणाच्या हुकमावरून आणि कुणाच्या हातून, सगळं आहे. शेवटचा परिच्छेद तेवढा माझ्या हातानं लिहिलाय. त्याला अख्खी सकाळ गेली. तो असा आहे:

"माझी धाकटी बहीण याच कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर, भराई खात्यात, जिन्यापासून डावीकडच्या शेवटच्या खिडकीशी अकरा वर्षं कामाला होती. ती हुशार आणि हसरी होती. तिचं दुखणं पाऱ्याचं होतं. ती पॅकिंगमध्ये होती असा दाखला मी दिला, तो खोटा होता. गेल्या वर्षी भाचीला दिलेला दाखलाही खोटा होता. दोन्ही वेळा मला खरं ठाऊक होतं."

गुन्हा लागू दे. परवा पोलीस येऊन विचारून गेले. मी त्यांना चहा केला. कप बशीत वाजत होता, तेव्हा त्यातल्या एकानं उठून तो माझ्या हातातून घेतला. चांगला माणूस होता.

मी येणार नाही. तू म्हणशील तेव्हा येईन, नाही म्हणालीस तर नाही. भिंगरी एखादा शब्द बोलली तर एका ओळीचं पत्र टाक. कुठला शब्द ते लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

एकच खुलासा करतो, कारण समितीतले लोक तुला विचारतील. जबाबाखाली माझी सही नाही, अंगठा आहे. बाई म्हणाल्या, तुम्हाला लिहिता येतं, सही करा. मी नको म्हटलं. सही दोनदा केली, दोन्ही वेळा ठणठणीत आली, आणि दोन्ही वेळा खोट्याखाली आली. अंगठ्यानं अजून कुणाचं काही बिघडवलेलं नाही, म्हणून तो लावलाय. शाई थोडी पसरली आहे, हात धरायला कुणी नव्हतं.

मामा